बोलणं आणि गोंगाट

मी उमाजीरावांच्या उजव्या कानातून बोलतोय. माझ्यासारखाच एक डाव्या कानातही आहे. पण त्याचं आणि माझं काम एकच, म्हणून दोघांच्या वतीने मीच सांगतो. दुकानातलं माझं नाव श्रवणयंत्र. घरात मला ‘कानाची मशीन’ म्हणतात. हैदराबादच्या नारायणगुडा भागातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मी अडीच वर्षं राहतोय.

माझा आकार शेंगदाण्याएवढा. पोटात एक चकती आहे, तिळापेक्षा जरा मोठी. तिला घडवणाऱ्यांनी लाखो आवाज ऐकवले. लग्नातले, बाजारातले, रस्त्यावरचे, स्वयंपाकघरातले. प्रत्येक आवाजाबरोबर जणू एक चिठ्ठी असायची : हे बोलणं, हा गोंगाट. हे इतक्या वेळा झालं की पुढे चिठ्ठी नसली तरी मला सांगता येऊ लागलं. बोलणं असलं की वर उचलायचं, गोंगाट असला की दाबायचा. याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. माझ्या खोक्यावरही तसं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, आणि त्या छापलेल्या शब्दांनीच घोटाळा केला असं उमाजीरावांच्या मुलीचं, माधवीचं म्हणणं आहे.

एक खुलासा आधीच करतो. माणसं काय काय बोलली ते मी सांगणार आहे, पण ती बोलत होती तेव्हा त्याचा अर्थ मला कळत नव्हता. आजही कळत नाही. गोष्ट सांगायची तर अर्थ लागतो, म्हणून तो तुमच्याकडून उसना घेतलाय. आणि दाराआड किंवा माझ्या मागे जे घडलं, ते नंतर घरातल्यांच्या बोलण्यात आलं तसं सांगतोय.

उमाजीराव मूळचे बीदरजवळच्या भालकीकडचे. शेती भावांकडे ठेवून ते विशीत हैदराबादला आले आणि एका छापखान्यात लागले. एकतीस वर्षं ते छपाईच्या यंत्राशेजारी उभे होते. निवृत्त झाले तेव्हा दोन्ही कान जवळजवळ गेलेले होते.

त्यांची बायको जयवंताबाई. सुरुवातीला त्या सगळं ओरडून सांगायच्या. मग थकल्या आणि ओरडण्याजोगं असेल तेवढंच सांगू लागल्या. जेवायला चला. सिलेंडर आलाय. फोन वाजायलाय. बाकीचं त्या राणीशी बोलायच्या. राणी म्हणजे घरकामाला येणारी बाई, महबूबनगरकडची, तेलुगू बोलणारी, चाळिशीची. अशी आठ-नऊ वर्षं गेली.

माधवी ही त्यांची एकुलती एक मुलगी. गच्चीबावलीच्या एका कंपनीत ती याच बुद्धिमान यंत्रांवर काम करते. तिनेच वडिलांना शहरातल्या कोठी भागात गौतमकडे नेलं. गौतम कान तपासतो, यंत्रं बसवतो. त्याने मला उमाजीरावांच्या कानात बसवलं, संगणकावर काही आकडे जुळवले आणि म्हणाला, “आता कुणीतरी बोला.”

जयवंताबाईंनी सवयीने ओरडून विचारलं, “ऐकू यायलंय का?”

उमाजीराव दचकले. “हळू बोल की. ओरडायलीस कशाला?”

हळू काय बोलायचं हे जयवंताबाईंना चटकन सुचेना. मग रुमाल तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, “तुमच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय. सकाळपासून सांगायचं होतं.”

त्यानंतर घरात बोलणं वाढलं. भाजीत मीठ कमी पडल्याचं, शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं, गुडघा दुखत असल्याचं, सगळं उमाजीरावांपर्यंत पोहोचू लागलं. मलकपेठला एका लग्नात बँड वाजत होता, तरी मी जयवंताबाईंचा आवाज वेगळा काढून दिला. उमाजीरावांचे जुने मित्र हणमंतराव मलकपेठलाच राहतात. मांडवात उमाजीराव त्यांना सांगत सुटले, “एवढ्याशा मशीनला सगळं कळतं, हणमंतराव. मला काय ऐकायचंय ते माझ्या आधी हिला कळतं.”

माणसांची ही एक सवय मी पाहिली आहे. कुणी एक काम फार चांगलं करू लागलं की बाकीची कामंही त्याला येत असणार असं ती धरून चालतात.

एका रविवारी जेवताना माधवीने हे ऐकलं आणि ती हसली. “बाबा, तिला सगळं नाही कळत. बोलणं कुठलं आणि नुसता आवाज कुठला, एवढंच कळतं. तू तिच्याशी भाकरीवर बोल नाहीतर भूकंपावर, तिला सारखंच.”

“आणि तुझ्या मोबाइलमधलं ते? त्याला विचारलं की उत्तर देतंय ते?”

“ते हिच्या कितीतरी पुढचं आहे. पत्र लिहितं, तेलुगूचं मराठी करतं, गणितं सोडवतं. पण मधेच एकदम ठामपणे चुकीचं सांगतं, आणि चुकलंय हे त्याचं त्याला बऱ्याचदा कळत नाही. अवघड काम करतं आणि पोराला जमेल अशा गोष्टीत अडतं. लोक ज्याची वाट बघायलेत ना, त्याला एजीआय म्हणतात. कुठलंही काम, कुणी न शिकवलेलं पण, माणसासारखं स्वतः समजून घेऊन करणारं यंत्र. एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरणारं.”

जयवंताबाई वरण वाढत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे आपल्या राणीसारखं.”

“राणीचं काय मधेच?” उमाजीराव म्हणाले.

“दहा वर्षांमागं आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता तिला. कुणी शिकवलं? बघून बघून शिकली. ज्वारीची भाकरी शिकली. तुमची बीपीची गोळी कुठली ते शिकली. मी रागात असले तर भांडी आवाज न करता घासायची, ते तर मी कधी बोलले पण नव्हते.”

माधवीचा हात ताटातच थांबला. “हौ आई. बरोबर तेच. ते अजून कुणाला नीट बनवता आलेलं नाही.”

“कधी येणार मग?”

“आमच्या ऑफिसात एक जण म्हणतो तीन वर्षांत. दुसरा म्हणतो तीस. एक मॅडम म्हणतात, येणारच नाही. आणि आलं तर ओळखायचं कसं, यावर तर रोज भांडण.”

उमाजीरावांना हे पटलं नाही. त्यांनी कपाटातून माझं खोकं काढून आणलं आणि वरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय मग? छापायच्या आधी कुणीतरी वाचलं असेल की.” छापलेल्या शब्दांवर त्यांचा विश्वास होता. जन्मभर त्यांनी तेच काम केलं होतं. माधवीने वाद वाढवला नाही.

गेल्या फेब्रुवारीत वरच्या मजल्यावर फरशीचं काम निघालं. सकाळी नऊपासून कटर सुरू व्हायचा. माझ्यासाठी मोबाइलवर एक बटण आहे, ‘गोंगाट कमी’ नावाचं. उमाजीरावांनी ते दाबलं. कटर त्यांच्यापुरता जवळजवळ नाहीसा झाला. ते खूश झाले आणि हणमंतरावांना फोन लावून बसले. फोनचा आवाज थेट माझ्यात येतो, त्यामुळे दोघांच्या गप्पा निवांत चालल्या.

साडेदहाच्या सुमारास जयवंताबाई आंघोळीला गेल्या. आतून कडी लावली. साबणावरून पाय सरकला आणि त्या डाव्या कुशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना उठता येईना आणि कळ अशी होती की मोठा आवाज निघेना. हाताला पितळी तांब्या लागला. तो त्या फरशीवर आपटू लागल्या.

माझ्याकडे आलं ते असं : धातूचा आवाज. दगडावर. पुन्हा पुन्हा. चिठ्ठी : गोंगाट. मी तो दाबला. एकोणसाठ ठोके आले. एकही सुटू दिला नाही. मधे दोनदा “ओ” असं काही आलं होतं, पण ते बंद दारामागून आणि कटरच्या खालून आलं. बोलणं म्हणून उचलावं एवढं ते स्पष्ट नव्हतं.

मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. काय घडतंय याचा मला पत्ताच नव्हता.

अकराला राणी आली. उमाजीरावांनी घड्याळ बघून दार उघडलं, हातानेच ‘फोन चालू आहे’ अशी खूण केली आणि पुन्हा खुर्चीत बसले. राणीने चप्पल काढली आणि ती तिथेच थांबली. वर कटर त्याच क्षणी बंद पडला होता. कामगार चहाला गेले असावेत. ठोके मात्र चालू होते. तीन वाजायचे, मग थांबायचे, पुन्हा तीन.

“सार, अम्मा किधर?”

उमाजीराव फोनवर हसत होते.

राणीने स्वयंपाकघरात पाहिलं. कणीक परातीत तशीच. मोरीच्या दाराबाहेर जयवंताबाईंच्या सपाता. ती धावली आणि दाराला कान लावला. मग परत येऊन तिने उमाजीरावांच्या हातातला फोन ओढून घेतला. “फोन नक्को सार! अम्मा अंदर गिरे!”

कडी तिनेच तोडली. खांद्याने, चौथ्या धक्क्याला. आत जाऊन आधी तिने जयवंताबाईंच्या अंगावर लुगडं टाकलं, मग पाणी बंद केलं. उमाजीराव जयवंताबाईंना उचलायला वाकले तर तिने त्यांचा हात धरला. “उठाना नक्को. हड्डी का मामला है.” मग शेजारच्यांना हाक मारून अॅम्ब्युलन्स मागवली.

राणीला कुणी असले आवाज ऐकवून चिठ्ठ्या दिल्या नव्हत्या. मोडलेलं खुब्याचं हाड तिने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सपाता, कणीक आणि ठोके, एवढं तिने एकत्र केलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “किती वेळ पडून होत्या?” उमाजीरावांनी बायकोकडे पाहिलं. जयवंताबाईच म्हणाल्या, “लई वेळ. हे बाहेर हसत होते, मला ऐकू येत होतं.” त्या काही टोचून बोलल्या नव्हत्या, झालं ते सांगितलं.

उमाजीरावांनी तिथल्या तिथे मला कानातून काढलं आणि खिशात टाकलं. घरी आल्यावर कपाटातल्या खणात. मी तिथे दोन आठवडे होतो.

माधवी मला एकदा गौतमकडे घेऊन गेली. त्याने तपासलं. “काही बिघाड नाही. सांगितलंय तेच केलंय त्याने, आणि उत्तम केलंय.”

माधवीने घरी येऊन वडिलांना हे कागदावर लिहून दिलं, कारण त्यांना आता पुन्हा ऐकू येत नव्हतं. ते वाचून उमाजीराव मोठ्याने म्हणाले, “मशीनची चूक नाही. मग कुणाची?”

माधवीने खाली लिहिलं : माझी. बटण मी दाखवलं. ते काय काय दाबतं हे नाही सांगितलं.

उमाजीरावांनी पेन घेतलं, ‘माझी’ हा शब्द खोडला आणि ‘माझी’ असंच पुन्हा आपल्या अक्षरात लिहिलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. जयवंताबाई वॉकर घेऊन घरी आल्या, पण आवाज खोल गेला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी पाणी मागितलं. दोनदा मागितलं. उमाजीराव समोर बसून नुसते बघत राहिले. राणीने पाणी आणून दिलं. मग जयवंताबाईंनी राणीकरवी खणातून मला मागवलं आणि माझी डबी नवऱ्यासमोर धरली.

“घाला.”

त्यांनी मान हलवली. “त्यानं दगा दिला मला.”

जयवंताबाईंनी कानाला हात लावून खूण केली : आधी घाला, मग बोलू. त्यांनी घातलं.

“दगा द्यायला ते माणूस आहे का?” त्या हळू म्हणाल्या. “तुम्ही त्याला माणसाच्या जागी बसवलं आणि आपण उठून गेलाव. आता मला ओरडता येत नाही. कानात राहू द्या. पण त्याच्या भरवशावर राहू नका.”

उमाजीरावांनी मान खाली घातली. “चुकलं माझं,” ते म्हणाले. जयवंताबाई म्हणाल्या, “हौ, चुकलं. आता चहा टाका.” त्यांनी चहा टाकला. साखर विसरले. दोघांनी तसाच प्यायला.

आता मोरीच्या दाराला आतून कडी नाही. आत एक घंटेचं बटण बसवलंय, ते दाबलं की बाहेर दिवा लागतो. ‘गोंगाट कमी’ घरात वापरायचं नाही असं ठरलं. माझ्या खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांखाली माधवीने बॉलपेनने लिहिलं : फक्त बोलणं वेगळं काढतं. बाकी काही कळत नाही.

मागच्या महिन्यात ती आईला वॉकरच्या आधाराने गॅलरीपर्यंत चालवत होती. जयवंताबाईंनी मधेच विचारलं, “ते तुमचं येणारं यंत्र. राणीसारखं. त्या दिवशी ते घरात असतं तर?”

“त्याला कळलं असतं, आई.”

“आणि आलं असतं का धावत?”

माधवीने वॉकर सरळ केला. “ते नाही सांगता येत. कळणं वेगळं आणि धावत येणं वेगळं. त्यावरच काम चाललंय आमचं.”

“मग तेवढं नीट करा,” जयवंताबाई म्हणाल्या, आणि पुढचं पाऊल टाकलं.

माझ्यासारख्याचं आयुष्य पाच-सहा वर्षांचं. त्यातलं निम्मं संपलं. माझ्यानंतर जास्त जाणतं काही येईल, त्याच्याही खोक्यावर मोठी अक्षरं असतील. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, कानात, खिशात किंवा भिंतीवर, तर त्याला काय येतं हे विचारा आणि काय येत नाही हेही विचारा. दुसरं बहुतेक खोक्यावर नसतं. आणि कुणी मोरीत गेलं असेल तर अधूनमधून उठून हाक मारा. एवढीच विनंती.

दुपारी कानांना विसावा म्हणून उमाजीराव मला काढून डबीत ठेवतात. त्यांना मग काहीच ऐकू येत नाही. तरी ते खुर्ची ओढून जयवंताबाईंच्या पलंगाशी नेतात आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. डबीचं झाकण लागतं. त्यापुढे तिथे काय बोलणं होतं, ते मला माहीत नाही.