चिमणीची उशी

मी उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे हो, बुडाखालची. डोक्याखालच्या उशीला लोक मिठी मारतात, तिच्यात तोंड खुपसून रडतात. माझ्या वाट्याला फक्त वजन आलं. त्या वजनावरूनच मी जग ओळखते, आणि खरं सांगू का, सध्या मला या जगाचा भयंकर वैताग आलाय.

माझा जन्म गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या दुकानात झाला. दुकान चिमणीच्या आईचं. चिमणी म्हणजे माझी मालकीण; उंची बेताची, म्हणून लहानपणी पडलेलं नाव. ती वैमानिक व्हायला गेली आणि पहिल्याच दिवशी तोंड पाडून घरी आली. विमानात बसल्यावर तिला समोरची धावपट्टीच दिसेना, दिसायचे ते नुसते काटे आणि बटणं. आईने भंगारातल्या ट्रकच्या सीटचा घट्ट फोम कापला, त्यावर निळं रेक्झिन चढवलं आणि दुहेरी टीप मारली.

"घे. आता दिसेल सगळं. पण पोक काढून बसू नकोस."

तेव्हापासून चिमणी मला काखोटीला मारून रोज विमानतळावर नेते. एकटीने विमान चालवण्याचा साधा परवाना तिने चटकन मिळवला. पण पगार घेऊन विमान चालवायचं, तर वेगळा परवाना लागतो. त्यासाठी दोनशे तास हवेत हवे. त्यातले निम्मे एकटीने. शिवाय एक लांबचा प्रवासही एकटीनेच: दोन परक्या विमानतळांवर उतरायचं, दोन्हीकडे पूर्ण थांबायचं, आणि परत यायचं. आणि हे सगळं लेखी परीक्षांची मुदत संपायच्या आत. मुदत टळली की सगळे पेपर पुन्हा पहिल्यापासून.

मला वाटलं होतं, बसायचं तर काम आहे, उरकेल लवकर! पण तास मिळवता मिळवता आमच्या नाकी नऊ आले. सकाळी धुकं. धुकं विरलं की आडवा वारा. वारा पडला की विमान तपासणीला. विमान परत आलं की आमच्या पुढे रांग. बाकावर बसून काढलेला दिवस कुणी मोजत नाही. मी मात्र त्या बाकावरही दबतच होते.

घरी जेवताना आई विचारायची, "आज किती झाले?"

"शून्य."

"अगं, सकाळपासून गेली होतीस ना?"

"गेले होते गं! जाण्याचे तास धरत नाहीत!"

आईला ते कधी पटलं नाही. तिच्या दुकानात माणूस दिवसभर बसला की दिवस भरला.

त्यात तास भरायचा सोपा मार्ग म्हणजे घिरट्या. विमानतळाभोवती फिरायचं, खाली यायचं, चाकं टेकली रे टेकली की उजव्या हाताने इंजिनाचा दांडा पुढे ढकलायचा, आणि पुन्हा पूर्ण जोर देऊन वर. थांबायचं नाही, थांबलं तर धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत परत जावं लागतं, वेळ फुकट. तिला शिकवणारे कॅप्टन शेजारून ओरडायचे, "टेकलं? दे जोर! चल!" महिनोन्महिने हेच. शेवटी तर घरच्या खुर्चीत टेकली तरी तिचा उजवा हात आपोआप पुढे सरकायचा. आई हसायची. मला हसू येत नव्हतं. तिचे तास चढत होते आणि मी खाली बसत होते.

मग लांबच्या प्रवासाचा दिवस उगवला. आभाळ स्वच्छ, विमान मोकळं. पहिल्या विमानतळावर आम्ही नीट उतरलो, थांबलो, ती खाली उतरून पाय मोकळे करून आली. सगळं ठरल्याप्रमाणे. दुसऱ्या ठिकाणी ती फारच सुरेख उतरली. चाकं इतकी अलगद टेकली की मला पत्ताही लागला नाही.

आता तिचं वजन पुढे सरकायला हवं होतं. ब्रेक लागला की तसंच होतं. पण वजन गेलं मागे. इंजिन गर्जलं. तिचा हात पुढे गेला होता! मी जीव तोडून ओरडले, "थांब पोरी, थांब!" पण बुडाखालचं कोण ऐकतं? ती गाणं गुणगुणत घराकडे वळली.

परतल्यावर ती मला काखेत घेऊनच कॅप्टनच्या टेबलापाशी उभी राहिली. त्या दुसऱ्या विमानतळावर रेडिओवर बसणारे एक काका आहेत, ते येणाऱ्या प्रत्येकाला चहा पाजतात. कॅप्टननी सहज विचारलं, "काय गं, काकांचा चहा कसा होता?"

"चहा?" चिमणी म्हणाली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिने मला काखेत घट्ट आवळलं. "सर... मी थांबलेच नाही."

कॅप्टननी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, टेकवून परत उचललंस? तिथेही?"

"हात गेला, सर."

"हाताला मीच शिकवलंय," ते हळूच म्हणाले. "तास धरू तुझे. पण प्रवास धरता येणार नाही. पुन्हा करावा लागेल."

ती तिथे रडली नाही. बाहेर बाकावर येऊन तिने मला मांडीवर घेतलं आणि माझ्यात तोंड खुपसलं. ज्या मानाचा मला इतकी वर्षं हेवा वाटत होता, तो असा मिळाला. नको होता मला.

पुढे पुन्हा तेच. धुकं, वारा, तपासणी, रांग. मुदत अशी अंगावर येत होती की घरात कुणी तारीखसुद्धा विचारेना. आई एवढंच म्हणाली, "उशी पार बसलीये गं. ठेवून जा, भरून देते."

"नको आई. उद्याच विमान मिळालं तर?"

आणि मिळालं. मुदतीच्या अगदी काठावर. आज सकाळी तिने माझ्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवला आणि आम्ही निघालो. पहिला विमानतळ झाला. मग दुसरा. चाकं टेकली. तिने उजवा हात मांडीवर घट्ट दाबून धरला, तो दाब माझ्यापर्यंत पोचत होता. मी दात आवळून वाट पाहत होते; मला दात नाहीत, तरी. आणि वजन पुढे सरकलं. ब्रेक लागला. आम्ही कडेला जाऊन उभे राहिलो आणि इंजिन बंद झालं.

हे सगळं मी तुम्हाला सांगतेय ते इथूनच. ती अजून उठलेली नाही. परतीचं आभाळ मोकळं आहे. मी चपटी झालेय, एक टीप उसवलीये, आणि घरी गेल्यावर मला नवा फोम भरा, एवढंच माझं मागणं आहे. पण घाई नाही.

आत्ताच रेडिओवर काकांचा आवाज आला, "मॅडम, बराच वेळ झाला. काही अडचण आहे का?"

"नाही काका," चिमणी म्हणाली. "थांबलेय."