मागच्या सीटचं माप

मोटरसायकलला सामानाचे डबे बसवण्याचा धंदा मी एकोणीस वर्षं करतोय आणि त्यातली निदान दहा वर्षं मला गिऱ्हाइकांचा वीट आलेला आहे. कामाचा नाही. काम चांगलं आहे. दोन बाजूंना दोन ॲल्युमिनियमचे डबे नीट बसले की माणूस महिनाभर घर सोडून राहू शकतो. पण येतात कोण? कोपऱ्यावरून भाजी आणायला पाठवलं तर पिशवी विसरली म्हणून रिकाम्या हाताने परत येणारे! त्यांना मोठ्यात मोठा डबा हवा असतो. कशाला, विचारलं तर म्हणतात, "असू दे." डबा रिकामाच राहतो, पण त्यावर चिकटवायचे स्टिकर घरून निघतानाच खिशात असतात, तेही न पाहिलेल्या देशांचे. एकाने तर कोऱ्या डब्याला दोन-चार पोचे पाडून द्याल का म्हणून विचारलं, म्हणजे डोंगरात पडल्यासारखा दिसेल. मी म्हटलं, डब्याला नाही, दुसरीकडे पाडून देतो. तो परत आला नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी सामान, मग डबा. जे न्यायचं आहे ते सगळं घेऊन या आणि इथे जमिनीवर मांडा. मी एकेक वस्तू काट्यावर ठेवतो, डावी-उजवी सारखी वाटतो आणि मग किती लिटरचा डबा लागेल ते सांगतो. दहातल्या आठ जणांना मनात धरलेल्याच्या निम्मा डबा पुरतो आणि आठही जण रुसतात. दुसरं असं की मागे कोणी बसणार असेल तर तो माणूस हजर हवा. त्याला सीटवर बसवायचं, पाय फूटरेस्टवर ठेवायला लावायचे, आणि टाचेमागे चार बोटं जागा सोडून मगच डबा अडकवायचा. डबा जितका पुढे, तितकी गाडी वळणावर शहाण्यासारखी वागते, हे खरं. पण डबा पुढे आला की मागच्याने पाय काय डोक्यावर घ्यायचे? म्हणून डबे अडकवायच्या चांगल्या स्टँडला बोल्टसाठी भोकांच्या दोन जोड्या असतात. एकटा जाणारा असेल तर पुढची, दोघं असतील तर मागची.

सोमवारी भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नवी उंच गाडी, नवं जॅकेट, नवे हातमोजे. अठरा दिवसांची सफर होती, डोंगर, खिंडी, वाळवंट, आणि बरोबर सहा मित्र, सगळे आपापल्या गाडीवर.

ही सफर मुळात ताईची. लग्न झाल्यापासून ती नकाशावर पेन्सिलीने रेघा मारते आहे. भाऊजी दरवर्षी म्हणत, पुढच्या वर्षी नक्की. असं अकरा वर्षं चाललं. ती एका शाळेच्या कचेरीत काम करते. तिने कधी नव्हे ती सलग अठरा दिवसांची रजा मागितली आणि ती मिळालीही. नवे बूट आयत्या वेळी चावू नयेत म्हणून ती दोन आठवडे ते घालून घराचे जिने चढत-उतरत होती. मला रोज फोन. "माझं सामान फक्त सात किलो आहे हं, मी तोललंय. दोन जोड कपडे, रेनकोट आणि ह्यांच्या गोळ्यांची पिशवी. माझ्यासाठी मोठा डबा नको बाबा." सात किलोंत दोन किलो नवऱ्याची औषधं, मलमं आणि पट्ट्या. ताई तशीच आहे.

भाऊजींनी सामान जमिनीवर ओतलं. कॉफीचं यंत्र, घडीची खुर्ची, ड्रोन, कॅमेऱ्याचे दोन स्टँड, स्पीकर, तीन जॅकेटं आणि चामड्याच्या पेटीत दाढीचं सामान. मी एकेक वस्तू काट्यावर चढवत होतो. स्पीकर दीड किलोचा. डोंगराला काय ऐकवणार होते कोण जाणे. सगळं मिळून एकेचाळीस किलो भरलं.

"आणि ताईचं?"

"ते नंतर."

शेवटी तंबू उरला. मी तो उचलला आणि पिशवीवरची चिठ्ठी वाचली. एका माणसासाठी. अशा तंबूत मी झोपलो आहे, त्यात कूस बदलायची तरी तंबूला विचारून बदलावी लागते.

"भाऊजी, हा एकाचा आहे."

"हलका आहे रे. बाराशे ग्रॅम."

"ताई कुठे झोपणार?"

ते हसले. माझ्यासाठी आलेला चहा त्यांनी उचलला, घोट घेतला आणि स्टुलावर बसले. "तुझ्याशी बोलायचंच होतं. हे बघ, सगळे एकटे येतायत. कोणी बायको आणत नाहीये. ही आली की दर तासाला पाणी प्या, जॅकेट लावा, गोळी घेतलीत का. मित्रांसमोर कसं दिसतं ते?"

"मग तिला तसं सांगा."

"सांगितलं असतं, पण अकरा वर्षं मीच हो हो म्हणत आलोय. आता नाही म्हटलं तर रडारड होईल. तिचं मन मोडणं मला नाही जमत. मी तसा हळवा आहे."

हळवा!

"तू काय कर," ते म्हणाले, "सगळ्यात मोठे डबे घे आणि पुढच्या भोकांत बसव. शनिवारी ती येईल, बसून बघेल, पाय ठेवता येणार नाहीत. तू म्हणायचं, ताई, गाडीला झेपत नाही. तुझा शब्द ती खाली पडू देत नाही. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही."

मला माणसांची किळस येते ती बारीकसारीक गोष्टींवरून. हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीती नव्हती, साधी चुळबुळसुद्धा नव्हती. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळून ते टाकीवर उमटलेला माझ्या अंगठ्याचा ठसा पुसत होते. तो निघेपर्यंत पुसला आणि मग रुमाल नीट चौघडी करून खिशात ठेवला. तोंडात माझाच चहा. ह्या माणसाला मी अकरा वर्षं भाऊजी, भाऊजी म्हणत आलो, घरी आला की उठून खुर्ची देत आलो.

"मी खोटं नाही सांगणार," मी म्हटलं.

"नको सांगूस. तू नुसते बसव. बाकीचं तिचं तिला कळेल."

माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायची आणि वर मला म्हणायचं की चाप तू ओढू नकोस. दुसरा कोणी असता तर सामानासकट रस्त्यावर काढला असता. पण हा घरचा जावई. दुपारी आईचा फोन आलाच. "ते आलेत ना तुझ्याकडे? तोंड सांभाळ हो. तू फटकळ आहेस, आणि नांदायचं तिला आहे." आईला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. मी मूग गिळून बसलो.

आणि डबे बसवले. कसे बसवले तेही सांगतो, कारण मला त्याचीच जास्त घृणा येते. आधी स्टँड गाडीला लावला, सगळे बोल्ट हाताने सैल फिरवले आणि मग समोरासमोरचे एकेक करून आवळले, म्हणजे स्टँड तिरपा होत नाही. बोल्ट खडखडून सुटू नयेत म्हणून प्रत्येकाला ते निळं औषध थेंबभर लावलं. सायलेन्सरच्या बाजूला खाच असलेला डबा घेतला, नाहीतर आतलं सामान भाजून निघतं. हँडलला टेप लावून रुंदी मोजली. दोन्हीकडे डबा हँडलच्या वीतभर बाहेर येत होता. गर्दीत कुणाचा तरी गुडघा फोडणार, हे मी भाऊजींना सांगितलं, तर ते म्हणाले, भारदस्त दिसतं. मग पुढची भोकं. मन कडू झालेलं असताना हात चोख चालत होते. एक बोल्ट वाकडा गेला असता, एखादा वॉशर हातातून पडला असता, तरी मला थोडं बरं वाटलं असतं.

माझी समजूत मी घालून ठेवली होती. शनिवारी ताई येईल, बसेल आणि मी म्हणेन, भाऊजी, चूक झाली, मागे घेतो. चार बोल्ट, अर्ध्या तासाचं काम. भाऊजींना तिच्यासमोर नाही म्हणता येणार नाही. आठवडाभर मी हे वाक्य मनात घोळवत होतो. काम करताना, जेवताना, दात घासतानासुद्धा.

शनिवारी सकाळी ताई आली. बूट घातलेले, हेल्मेट काखेत, पाठीवर सात किलोंची सॅक. डबे बघून ती म्हणाली, "अगंबाई, ह्यात तर आपला संसार मावेल!" भाऊजी मोठ्याने हसले आणि गाडीवर पुढे बसले. तिने त्यांच्या खांद्याला धरलं आणि टांग टाकून मागे बसली. मग पाय फूटरेस्टवर ठेवायला गेली आणि टाच डब्याच्या कोपऱ्यावर आदळली.

"थांब हं." तिने पाऊल बाहेर वळवलं. जमेना. आत वळवलं, तर बोटं नुसती टेकत होती. मग दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर बसून पाहिलं, फळीवरचा डबा काढायला उंच व्हावं तशी. "अशी बसेन ना मी. सवय होईल."

"अगं, अठरा दिवस?" भाऊजी म्हणाले. आवाजात काय ती काळजी! "गुडघे जातील तुझे."

"मग बूट बदलते. साधे घालते, ह्या बुटांची टाच मोठी आहे." ती खाली वाकून बुटाची नाडी सोडायलाही लागली. दोन आठवडे जिने चढून मऊ केलेल्या बुटाची. मला तिकडे बघवेना. गाडीवर बसल्या बसल्या तिने एक बूट काढला आणि मोज्यातलं पाऊल ठेवून पाहिलं. तरीही टाच कोपऱ्याला लागत होती. सगळ्यात मोठे डबे होते ते. मीच निवडून बसवलेले.

ती माझ्याकडे वळली. "तू सांग. डबे थोडे मागे नाही का जाणार?"

मागची भोकं तिच्या टाचेपासून हातभर अंतरावर होती, डब्याच्या आड. भाऊजी आरशात स्वतःचे केस बघत होते. माझं वाक्य तयार होतं. चूक झाली, मागे घेतो. एवढंच तर म्हणायचं होतं.

पण मला दिसलं ते पुढचं. मी डबे मागे घेणार, ही ह्या माणसाच्या मागे बसणार, आणि अठरा दिवस सहा मित्रांसमोर हा तिच्यावर वसवस करणार. रात्री तिला तंबूत जागा नसणार. आणि तिथे, घरापासून इतक्या लांब, तिला कळणार की आपण नको होतो. की आत्ता, इथेच, मी तंबू उघडून दाखवू? हे विचार तेव्हा माझ्या डोक्यात आले की नंतर मी ते रचले, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. रचले असावेत. भित्र्या माणसाला कारणं फार सुचतात.

"नाही जात, ताई," मी म्हटलं. "मागे घेतले तर गाडी डोलते."

थोडी डोलते, हे खोटं नाही. सगळं जग तशीच चालवतं.

"बरं," ती म्हणाली. थोडा वेळ तशीच बसली, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा. मग उतरली. कुठे रडारड नाही की काही नाही. भाऊजी तिची पाठ थोपटत म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." तिने मान हलवली. बूट घातला, नाडी बांधली, सॅकमधून गोळ्यांची पिशवी काढली आणि उजव्या डब्यात स्वतःच्या हाताने लावली. "पांढरी सकाळी, पिवळी जेवणानंतर. आणि मलम वरच ठेवलंय, शोधावं लागणार नाही."

निघताना ती माझ्यापाशी आली. माझा दंड धरला.

"बरं झालं तुझ्याकडे आणली गाडी," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून दडपून 'जमेल, जमेल' म्हटलं असतं, आणि मी बसले असते. कुठल्यातरी घाटात पाय निसटला असता म्हणजे? तू होतास म्हणून खरं कळलं."

"घरचा माणूस तो घरचा माणूस," भाऊजी म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं.