सोळावं मेहूण

कुंदननं हँडल फिरवलं, तांब्याची तार साच्यावर सरकली आणि ती मनात म्हणाली, एकेचाळीस. दाराशी घरमालकीण कमळाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. बेचाळीस, त्रेचाळीस. त्यांनी हाक मारली नाही. ही पोरगी वेढे मोजत असताना बोलायचं नाही, हे चार वर्षांत त्यांना ठाऊक झालं होतं. त्यांच्या जपात कुणी बोललेलं त्यांनाही खपत नसे. साठाव्या वेढ्याला कुंदननं तार तोडली, कॉइल उतरवून दोऱ्यानं बांधली आणि मान वर केली.

"झालं?"

"एक झाली. अकरा राहिल्यात. बसा ना काकू."

कमळाबाईंनी स्टूल पदरानं पुसलं आणि बसल्या. सोळावा सोमवार होता. श्रावणापासून धरलेला उपास त्यांच्या गालांवर दिसत होता. डोळ्यांवर मात्र नव्हता. डोळे नेहमीसारखे सगळीकडे फिरत होते.

"ही का जळाली मंग?"

प्रत्येक मोटारीबद्दल त्या हे विचारत. कुंदनलाही हा प्रश्न आवडे. गिऱ्हाईक फक्त कधी मिळणार ते विचारी, का जळाली ते कुणीच विचारत नसे. तिनं जुन्या कॉइलींचा गुंता पुढं केला.

"हे बघा. दोन फेजच्या काळ्याठिक्कर आणि तिसरीच्या जशाच्या तशा. एक लाइन गेली होती. दोघींनी तिघींचं ओझं ओढलं."

"अन् मालकाला कळलं नाय?"

"त्याला पाण्याची घाई. छाटणी झाल्यावर बागेला पाणी लागतंच. लाइट आली की लोक बटण दाबून मोकळे."

कमळाबाईंनी एक काळी कॉइल हुंगून बघितली, नाक मुरडलं आणि ठेवून दिली. मग मुद्द्यावर आल्या.

"म्होरल्या सोमवारी उद्यापन. सोळा मेहुणं जेवू घालायची. नवरा-बायको जोडीनं पाटावर बसवायचे, पाय धुवायचे, बाईची ओटी भरायची, बाप्याला टॉवेल-टोपी. पंधरा जोड्या सांगून झाल्या. सोळावी म्या मनात धरलीय, पर ती तुझ्या हातात हाय."

"माझ्या?"

"तुझी रूपाली अन् तिचा नवरा."

कुंदननं दोऱ्याचं टोक दातात धरलं होतं. ते तसंच राहिलं.

"काकू, त्यांचं मोडलंय. कोर्टाचा कागद आहे."

"कागद कोर्टात ऱ्हाऊ दे. एका रांगोळीत शेजारी शेजारी बसले, सोळा सोमवारच्या पुण्याईचं जेवले, तर मन पालटतं माणसाचं. मी बघितलंय. इगतपुरीला रेल्वेत हाय ना तो? तूच बोलली व्हती. नंबर तेवढा दे, सांच्याला कोपऱ्यावरून फोन लावते. अन् तिला तू सांग. तू बहीण तिची, तुझं मोडायची नाय."

बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की कुंदनला त्यांच्याकडं बघवेना.

"संध्याकाळी सांगते, काकू."

"सांग. पर नक्की."

त्या गेल्यावर कुंदननं पुन्हा हँडल धरलं. विसाच्या पुढं आकडा तीनदा चुकला. तिसऱ्यांदा तिनं सगळी तार सोडवून रिळावर घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

आयटीआयला असताना इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पास झाल्यावर सातपूरच्या एका कंपनीनं तिला नोकरी दिली, पण पाना हातात दिला नाही. हजेरीच्या टेबलावर बसवलं. तिथं सहा वर्षं ती दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहीत राहिली. डबा खायच्या सुट्टीत बायका स्थळं सुचवत आणि ती दर खेपेला वेगळं कारण सांगे. कधी पत्रिका, कधी आईचं आजारपण, कधी मंगळ. एक दिवस कोणतं कारण कुणाला सांगितलं हेच तिला आठवेना. त्याच महिन्यात तिनं राजीनामा दिला आणि मखमलाबाद रोडवर कमळाबाईंच्या घरापुढचा हा गाळा घेतला. पहिलं वर्ष शेतकरी दारातून आत वाकून विचारत, "मिस्त्री कुठं गेले?" आता तेच मोटरसायकलवर मोटार बांधून आणत आणि म्हणत, "ताई, तुमीच भरा." रिकाम्या सांगाड्यात तिनं बसवलेल्या तारा पहिल्यांदा गुणगुणायला लागत, तेव्हा तिला आपण कुठं बसलोय, कशासाठी बसलोय, याची शंकाच उरत नसे.

खोटं मात्र एक शिल्लक राहिलं होतं. वरच्या खोलीत तिच्यासोबत राहणारी रूपाली तिची मावसबहीण आहे, हे.

रूपाली द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात नर्स होती. साडेचारला ती जिना चढून आली, चप्पल काढली आणि कुंदनला भर कामाच्या वेळी खोलीत बसलेली बघून दारातच थांबली.

"काय झालं? शॉक बसला?"

कुंदननं सांगितलं. रूपाली आधी हसली. "मी आणि तो, एका रांगोळीत! जेवताना मीठ कमी म्हणून ताट ढकलायचा तो. इथं काकूंचंच ढकलेल." मग हसू ओसरलं. तिनं चहाचं पातेलं चढवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "नंबर चुकीचा दे."

"त्या दुसरा शोधून काढतील. अख्खी इगतपुरी फोनवर घेतील."

"मग म्हण, त्यानं दुसरं लग्न केलं."

"आजच्या दिवशी?"

रूपाली वळली. सोमवारी संध्याकाळी कमळाबाई प्रसादाच्या चुरम्याची वाटी जिन्यावर आणून देत, सकाळपासून पाण्यावर राहिलेल्या असत तरी आधी वाटून मग खात. ती वाटी पंधरा सोमवार दोघींनी खाल्ली होती.

"खरं सांगितलंस तर गाळा जाईल," रूपाली म्हणाली. "मला दवाखाने पन्नास आहेत. तुला मोटारींसकट कोण जागा देणार?"

"माहितीये."

"आणि न सांगितलंस तर सोमवारी तो अंगणात उभा राहील. सगळ्यांसमोर." तिनं चहा गाळला. गाळणीतून थोडा बाहेर सांडला. "सांग तू. मी येऊ का सोबत?"

"नको. तू आलीस तर त्यांना दोघींकडं बघत बसावं लागेल. एकीशी बोलणं सोपं."

"मग माझं नाव घेऊन सांग. नुसतं 'ती' म्हणू नकोस."

अंगणात कमळाबाई परातीत बेलाची पानं निवडत होत्या. तीन दलांचं अखंड पान एका बाजूला, किडकं दुसऱ्या. पलीकडं त्यांचे यजमान पुंजाराम सकाळच्या बाजारासाठी गुलाबांच्या जुड्या बांधत होते. त्यांना ऐकू कमी येई.

"आणला नंबर?"

"नाही. काकू, रूपाली माझी बहीण नाही."

"मावसबहीण म्हंजी बहीणच की."

"मावसबहीणही नाही. नात्यातलीच नाही. रूपाली आणि मी, नवरा-बायको जसे राहतात तशा राहतो. सात वर्षं झाली. नवऱ्याचं घर रूपालीनं त्याआधीच सोडलं होतं, ते माझ्यामुळं नाही. पण आता रूपाली कुठं जाणार नाही. मीही नाही."

कमळाबाईंच्या बोटात एक पान होतं. त्यांनी ते उलटून बघितलं, परत सुलटं केलं.

"बायका-बायकांत असं असतंय?"

"असतं."

"पयल्यापासनं?"

"मला कळायला लागल्यापासून."

"मंग त्यात..." त्या थांबल्या. "तुमच्यात भांडणं व्हतात?"

"होतात की. पंख्यावरून रोज."

"तुझ्या आईला ठावं हाय?"

"सांगितलंय. फोनवर तब्येत विचारते, बाकी काही विचारत नाही."

मग कमळाबाई खालच्या मानेनंच म्हणाल्या, "चार वर्सं माझ्या घरात खोटं बोललीस."

"हो."

"मंग आज काय झालं?"

"तुम्ही पाटावर बसवून पाय धुणार होता, काकू. त्या पाटावर खोटं बसवणं मला जमलं नाही."

कमळाबाईंनी हातातलं पान कोणत्याच बाजूला टाकलं नाही. परातीच्या काठावर ठेवलं आणि उठल्या.

"जा आता. दिवे लावायची येळ झाली."

त्या संध्याकाळी चुरमा आला नाही.

मंगळवारी कमळाबाई गाळ्यासमोरून दोनदा गेल्या, आत न बघता. बुधवारीही तेच. पुंजाराम नेहमीसारखे तंबाखू मळत दारात उभे राहिले, लाइट कधी येणार म्हणून विचारून गेले. त्यांना काही सांगितलेलं दिसत नव्हतं. कुंदनला राग येईना, त्याचंच तिला नवल वाटलं. कमळाबाईंच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मात्र सुटत नव्हता. मोटार असती तर चार नट काढून आत बघता आलं असतं.

बाराही कॉइली खाचांत बसल्या, वार्निश झालं, बल्बच्या उबेला मोटार दोन दिवस सुकली. शुक्रवारी ती नेऊन बसवल्यावर परतीच्या वाटेवर म्हसरूळच्या पुढं एक पत्र्याची शेड दिसली. भाड्यानं देणे, असं खडूनं लिहिलेलं. मालकानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मिस्त्री कोण?"

"मीच."

"अन् मिस्टर काय करतात?"

जुनी सगळी कारणं तिच्या जिभेवर रांग लावून आली. "मिस्टर नाहीत. मी आणि माझी जोडीदार, दोघी राहतो," ती म्हणाली. मालकाला काय कळलं कुणास ठाऊक. त्यानं शेड भाच्याला द्यायची असल्याचं सांगितलं. परत येताना कुंदन स्कूटरवर एकटीच हसली. नकार मिळाला होता, पण नवं कारण शोधावं लागलं नव्हतं.

तरी शनिवारी तिनं पाने, कातऱ्या, साचे एका पेटीत लावून ठेवले. रूपालीनं ती पेटी बघितली. संध्याकाळी कामावरून येताना एक कुलूप घेऊन आली.

रविवारी दुपारी अंगणात मांडव पडला. गोवऱ्या आल्या, पाट धुवून उन्हात उभे केले. गाळ्याचं शटर कुंदननं अर्धंच उघडलं होतं. त्या अर्ध्यातून वाकून कमळाबाई आत आल्या, दोन्ही हातांत कापडाच्या पिशव्या.

"मोजत नाय ना काय?"

"नाही."

"मंग हे मोज." त्यांनी पिशव्या कामाच्या टेबलावर उपड्या केल्या. नव्या कापडाचा खळीचा वास तारांच्या वासात मिसळला. एकीकडं टॉवेलात गुंडाळलेल्या पांढऱ्या टोप्या, दुसरीकडं हिरव्या-लाल काठांचे खण. "आमच्या ह्यांचा मोजण्यात भरवसा नाय. उद्या पाटावर बसवून काय कमी पडाया नको."

स्टूलवर त्या बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या, पेटीकडं बघत. तिच्यावर नवं कुलूप होतं.

कुंदननं हात फडक्याला पुसले आणि मोजायला लागली. टोप्या मोजल्या. खण मोजले. पुन्हा एकदा टोप्या मोजल्या.

"काकू, दुकानदार चुकला. सोळा जोड्या म्हणजे सोळा आणि सोळा हव्यात ना? टोप्या पंधराच आहेत. खण सतरा."

"मीच समोर उभी ऱ्हाऊन बांधून घेतलंय."

"मग एक टोपी कमी, एक खण..."

कुंदन थांबली. हात खणांवर तसाच राहिला. कमळाबाई टोप्या परत पिशवीत भरायला लागल्या होत्या, एकेक, घडी न मोडता.

"गुरवाला नाय इचारलं," त्या म्हणाल्या. "त्यानं पोथी उघडली असती अन् मंग मला त्याचं ऐकावं लागलं असतं. व्रत माझं हाय."

बाहेर कुणीतरी मांडवाचा बांबू ठोकत होतं. कमळाबाईंनी खणांचा गठ्ठा पुढं ओढला, त्यातले दोन वेगळे काढले, एक हिरवा, एक जांभळा. कोणता कुणाला, असं काहीच बोलल्या नाहीत. दोन्ही पुन्हा गठ्ठ्यात ठेवले.

"अकराला पाट मांडते. रूपालीला म्हणावं रजा टाक." शटरखाली वाकताना त्या थांबल्या. "अन् हात साबणानं धू. ताटाला वार्निशचा वास नको."