पहिली धावणारी

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मधे बोलायचं नाही. त्या हॉकीच्या कॅम्पात सगळ्या तिला ताई म्हणायच्या, अगदी कोच मॅडमसुद्धा. वय बत्तीस, देशासाठी दीडशेच्या आसपास मॅचेस, दोन दात नकली, आणि करंगळी अशी वाकडी की हस्तांदोलन करणारा दचकतो. हे सगळं तिच्या कामामुळे. हॉकीत पेनल्टी कॉर्नर मिळाला की समोरची एक जण बॉल गोलाच्या दिशेने असा भिरकावते की डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हा गोलाच्या रेषेमागून एकीने सुसाट निघून थेट तिच्या अंगावर जायचं असतं. बाकीचे बॉल चुकवतात, हिने तो गाठायचा. आई फोनवर म्हणायची, तिकडे बॉलसमोर धावतेस आणि इथे पाल दिसली की पलंगावर चढतेस.

लेक झाल्यावर दोन वर्षं घरी होती. मग परत आली. पोटाचे स्नायू, गुडघा, श्वास, सगळं पहिल्यापासून. लेक आईकडे ठेवली, नवऱ्याला सांगितलं, एवढा वर्ल्ड कप. संघात अठरा जणी, त्यात पहिली धावणारी एकच. आणि तिथे आली लवंगी. एकोणीस वर्षांची, एवढीशी, पण पळायला लागली की ताई दोन पावलं मागे.

मॅडमनी ताईलाच सांगितलं, हिला शिकव. ताईने शिकवलंही. चेहरा वाचवणारा मास्क कसा बांधायचा, स्टिक किती खाली ठेवायची, गुडघा कुठे वळवायचा. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. अकरा वर्षं व्हिडिओ बघून बघून तिने हेरलं होतं की बॉल फेकायच्या आधी फेकणारीचा डावा पाय टेकतो ना, त्याचा अंगठा ज्या बाजूला, बॉल त्याच बाजूला. सगळंच काय ताटात वाढून द्यायचं, असं तिने स्वतःला समजावलं. पण त्या दिवसापासून जेवताना लवंगी शेजारी येऊन बसली की ही अर्धं ताट टाकून उठायची.

शेवटची ट्रायल. दोघी एकाच बाजूला, ताई पहिली धावणार, लवंगी तिच्यामागून दुसरी. समोर कॅम्पातली सगळ्यात जोरात फेकणारी, जिला सगळ्या तोफ म्हणायच्या. पहिला कॉर्नर ताईने स्टिकवर घेतला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्याला ताईला वाटलं, आता असा अडवते की प्रश्नच मिटला पाहिजे. आणि ती बॉल हलायच्या आधीच सुटली. अकरा वर्षं खेळलेली बाई, आणि नवख्या पोरीसारखी लवकर सुटली.

शिट्टी. नियम सरळ आहे, लवकर सुटलीस तर मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडे जाऊन उभी राहा, तुझ्या जागी कुणीही येणार नाही. कॉर्नर पुन्हा होणार, आणि आता पहिलं धावायचं लवंगीने.

लवंगीच्या मास्कचा पट्टा निसटला. ती ओढत राहिली, पण तो लागेचना. अंपायरबाई थांबल्या. ताई बाजूने जात होती, तेव्हा लवंगीने मान वर न करता विचारलं,

"ताई, बघू कुठे?"

आता बघ हं. ही पोर चुकली, तर जागा ताईची. काही बोलायचंही नव्हतं, नुसतं पुढे चालत राहायचं होतं. ताई दोन पावलं पुढे गेलीसुद्धा. मग वळली, पट्टा ओढून घट्ट केला आणि म्हणाली,

"डाव्या पायाचा अंगठा. तो जिकडे, बॉल तिकडे. आणि माझ्यासारखी घाई करू नकोस."

मधल्या रेषेपलीकडून तिला फक्त लवंगीची पाठ दिसली. मग ठक्क असा आवाज आला आणि बॉल बाहेर गेला. सगळ्या लवंगीवर तुटून पडल्या. ताईने लांबूनच दोनदा स्टिक जमिनीवर आपटली.

संध्याकाळी यादी लागली. लवंगी आत, ताई बाहेर.

मॅडमनी खोलीत बोलावून इतकंच म्हटलं, तू लवकर सुटलीस. ताई हो म्हणाली. पुढचा कॅम्प कधी, तिने विचारलं. मार्चमध्ये, पण तोवर तू तेहतिसाची होशील, मॅडम म्हणाल्या. मार्चमध्ये येते, म्हणाली. घरी फोन केला, सगळं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे मार्चपर्यंत पोरीला मीच सांभाळायचं, असंच ना? नीट जेव तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संघाची बस निघाली, तेव्हा ताई टर्फच्या मैदानावर एकटीच. रेषेमागे वाकून उभी, सुटायची, परत यायची, पुन्हा वाकायची. माझंही नाव यादीत नव्हतं, म्हणून मी तिथेच होते; विचारलं, पस्तावा होतोय का. तर म्हणते, "अंगठ्याचं आता तिलाही कळलंय. मला दुसरं काहीतरी शोधायला लागणार, वेळ कुठाय?" आणि परत वाकली.

मला तर बाई तेव्हापासून झोप नाही. तू सांग ना, तो पट्टा निसटला तेव्हा ताईच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?