गुलाबांच्या वाफ्यात घुसलेली कॉम्फ्रे

मित्रांनो, मी आहे कॉम्फ्रे, परसातल्या खुराड्याशेजारची एक जुनी पण अजून टवटवीत वनस्पती! माझी पाने लांबरुंद, त्यांवर खरखरीत लव आणि जमिनीत खोल गेलेले जाडजूड मूळ. दिसायला मी अगदीच साधी आहे, हे कबूल. पण माझी गोष्ट सांगायला बसले की आजही माझ्या पानापानाला गुदगुल्या होतात!

माझा जन्म बियांतून झाला नाही. आत्याच्या एका मैत्रिणीने, बदली होऊन दूरगावी जाताना, तिच्या कॉम्फ्रेच्या मुळाचा बोटभर तुकडा आत्याच्या हातावर ठेवला. तीच मी. आत्या इस्पितळात परिचारिका आहे. घरातली मुले तिला आत्या म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणते. मुलांचे वडील म्हणजे तिचे दादा. ते मागच्या खोलीत शिवणयंत्र चालवतात आणि उरलेला सगळा जीव बागेवर टाकतात.

आत्याचा जीव मात्र कोंबड्यांवर! त्यांच्या पुढारीण होत्या एक तांबड्या, फुगीर कोंबडीबाई. घरात सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत. हिरव्या पाल्याच्या शोधात बाईसाहेबांनी एके दिवशी दादांची सगळी रोपे उकरून फस्त केली. झाले! दादा गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर धावले.

"हे बघ, यांना जाळीत कोंड आणि यांचं हिरवं तूच पिकव. नाहीतर दूधवाला मागतोय, त्याला देऊन टाकतो!"

आत्याचा चेहरा एवढासा झाला. कोंबड्यांना हिरवा पाला मिळावा म्हणून तिने त्याच दिवशी मला मातीत लावले. आपल्यावर केवढी जबाबदारी आहे हे मला कळले आणि मी झपाट्याने वाढू लागले. पान कधी कापले जाईल याची मी आतुरतेने वाट पाहत होते. गंमत वाटते ना? पण कोंबड्यांचे राहणे-जाणे माझ्यावरच होते!

अखेर तो दिवस आला. आत्याने ताजी पाने कापून जाळीत टाकली. बाईसाहेबांनी एकदा चोच मारली, मान झटकली आणि चोच मातीला खसाखसा पुसली. मग बाकीच्यांनीही तेच केले. माझी लव त्यांना टोचत होती! दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"बघ, कोंबड्यासुद्धा नाक मुरडतात," दादा म्हणाले.

"दादा, त्यांना चोच असते."

"तेच ते! मला तिथे गुलाब लावायचेत."

एका सकाळी आत्या ड्यूटीवर गेली आणि दादांनी कुदळ उचलली. माझी सगळी पाने कापून त्यांनी खुराड्याच्या पत्र्यावर भिरकावली. मग मला खणून काढले. मी पुन्हा उगवू नये म्हणून त्यांनी माझ्या मुळाचे बारीक बारीक तुकडे केले आणि ते सगळ्या वाफ्यात कालवून वर गुलाब लावले. दूधवाल्यालाही निरोप गेला. त्याच्या घरी खुराडे बांधून झाले की तो कोंबड्या न्यायला येणार होता.

पण पत्र्यावर काय झाले, ऐका! उन्हाने माझी पाने कोमेजली, त्यांची लव मऊ पडली. संध्याकाळी वारा सुटला आणि पाने जाळीत पडली. बाईसाहेबांनी चोच मारली. पुन्हा मारली! मग काय झुंबड उडाली म्हणता! आत्या घरी आली तेव्हा नुसते देठ उरले होते.

"दादा, खाल्लं त्यांनी! कोमेजलेलं खातात त्या! आणखी थोडी पानं..." बोलता बोलता तिने वाफ्याकडे पाहिले. "माझी कॉम्फ्रे कुठाय?"

"काढली," दादा पुटपुटले. "मुळासकट."

आत्या मटकन पायरीवर बसली. दादा शिवायला गेले खरे, पण त्या संध्याकाळी यंत्राचा आवाज काही आला नाही.

मी मात्र मातीखाली गप्प बसले नव्हते! माझ्या तुकड्यातुकड्याला कोंब फुटत होते. मी एकटी होते, आता मी पुष्कळ झाले होते! एका सकाळी गुलाबांना पाणी घालताना दादा ओरडले, "अगं ए, धाव! ही बघ! इथेही! अगं, सगळा वाफा भरलाय!"

आत्या अनवाणीच धावली. नेमका तेव्हाच दूधवाला टोपली घेऊन फाटकात उभा राहिला. "कोंबड्या धरू ना?"

"कोंबड्या कुठेही जात नाहीत," दादा म्हणाले. "तू आपलं दूध दे."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने गुलाब उपटून कुंड्यांत हलवले. आत्याच्या डोळ्यांत पाणी आले. मला तर नाचावेसे वाटत होते!

आता दादाच माझी पाने पत्र्यावर वाळत घालतात. आत्या ती चिरून दाण्यात मूठभरच मिसळते, कारण मी जास्त झाले तर कोंबड्यांना बाधते. बाईसाहेब जास्तीसाठी कुरकुरतात, पण तिथे त्यांचे काही चालत नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. एखादे झाड पहिल्याच दिवशी उपयोगी पडले नाही, तर लगेच कुदळ हातात घेऊ नका. माझ्यासारखी हट्टी मुळे सगळ्यांनाच मिळालेली नसतात.