जमलं

"हात नको लावू पोरी," मारोतराव म्हणाले. "हललं की गेलं काम."

"काका, चार घंटे हो गए. पाहू द्या नं."

"कावून घाई करून राहिली? दोन महिने भुकटीच तर बनवली तूनं."

ते खरंच होतं. छत्तीसगडातल्या दुर्गच्या एका कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत, मारोतराव एकोणतीस वर्षं काचेची भांडी धूत होते. जवळच्याच चरोदा गावची रश्मी तिथं पीएचडी करत होती. तिला एका द्रावाचं जेल हवं होतं. गरम द्राव बर्फात ठेवला की दर वेळी तळाशी पांढरी भुकटी बसायची, आणि ती खरडून काढायची मारोतरावांनी. शेवटी वैतागून त्यांनी आज गरम बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून घरून आणलेल्या तांदळाच्या डब्यात पुरली. थंडीत त्यांची बायको हिरा दही असंच लावायची.

आता त्यांनी बाटली काढली. रश्मीनं ती उलटी धरली. थेंबही खाली आला नाही.

"जमलं," मारोतराव म्हणाले.

रश्मी हसता हसता रडायलाच लागली. मग डोळे पुसून समजावू लागली. "एकेक रेणू बाजूच्याले हायड्रोजननं धरून राह्यते, काका. पकड एकदम कमजोर. पण हजारो मिळून धरतात, तर अख्खा द्राव अडकून पडते. बर्फात त्यायले टाइमच नाही भेटत. हळू थंड केलं की अपने आप जुळतात."

"अपने आप कायचे? हिरानं शिकवलं." मारोतरावांनी बाटली तिच्या हातातून घेतली. हिराला जाऊन आठ महिने झाले होते. छापील कागदावर तिचं नाव दोनदाच आलं होतं, राशनकार्डावर आणि मृत्यूच्या दाखल्यावर. "तुह्या पुस्तकात तिचं नाव टाकशीन का? एकच ओळ."

"टाकीन काका. पक्का."

दीड वर्षानं प्रबंध बांधून आला. बाइंडरकडून प्रती आणल्या मारोतरावांनीच. रश्मी व्हरांड्यात भेटली, पण नजर देईना.

"गाइड सरांनी काढून टाकलं, काका. बोले, दही-वही मत लिखो, लोग हसेंगे. आता तिथं 'नियंत्रित मंद शीतन' लिहिलं आहे."

"अन् नाव?"

"तुमचं आहे नं. आभारात. काच धुतल्याबद्दल."

"माहं कोणं मांगतलं होतं?"

सरांच्या खोलीत पेढे वाटणं चाललं होतं. रश्मीला आतून हाक आली आणि ती सुटल्यासारखी गेली. मारोतरावांच्या हातात एक प्रत उरली, ग्रंथालयात जमा करायची.

ग्रंथालयातल्या कारकुनानं, नरेशनं, रजिस्टर पुढं सरकवलं. "इथं लिहा काका, कोणं आणून देलं ते."

मारोतरावांनी पेन घेतलं. एरवी ते नुसती सही ठोकायचे. आज एकेक अक्षर सुटं काढत बसले.

नरेशनं रजिस्टर वळवून वाचलं. "हिरा मारोतराव ठवकर. हे तर काकूचं नाव व्हय."

"हो."

"पण काकू तर..."

"हो."

नरेशनं खोडायला पेन उचललं. त्यांच्याकडे पाहिलं. पेन ठेवलं आणि शिक्का मारला.

शाई ओली होती. ती वाळेपर्यंत मारोतराव तिथंच उभे राहिले.