कुलूप मला, तोंड त्यांना

मित्रांनो, फोनमधला एक जुना ग्रूप आहे मी. मोबाइलवर किल्ल्याचा खेळ खेळणाऱ्या पाच शहाण्यांनी तीन वर्षांपूर्वी मला जन्माला घातलं. माझं कुलूप मोठं नामी. निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच त्याचा भुगा होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच तो पुन्हा जुळतो. वाटेत कुणी पकडला, तर हाती भुसा. मला बनवणाऱ्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. एवढी राखण मी कुणासाठी केली, ते ऐकाल तर कपाळाला हात लावाल.

संघाच्या कप्तानाचं सलून आहे. हात दिवसभर फेसात. म्हणून त्याचा हुकूम, "लिहू नका, बोलून पाठवा." फोन आरशाखालच्या फळीवर, आवाज पूर्ण मोठा. उत्तरेच्या दारात कोण, विहिरीपाशी कोण, सगळा डाव खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला, बाकावरच्या चौघांना आणि दारातल्या कुत्र्यालाही पाठ. मी जिवापाड जपून आणलेलं गुपित हा वाटीतल्या साबणाच्या पाण्यासारखं रस्त्यावर भिरकावायचा.

संघात अक्कल होती ती एकटीला, कप्तानाच्या आत्याला. ती शाळेची बस चालवायची. खेळ तिनेच त्याला शिकवला होता. ती म्हणाली, "अरे, दुकानात आवाज बारीक ठेवत जा."

"आत्या, तू तुझी बस सांभाळ. ग्रूपला कुलूप आहे!"

पुढे स्पर्धा लागली. पहिले दोन सामने हे सपाटून हरले. जिथे जावं तिथे समोरचे आधीच दबा धरून. दिवसभर आरशासमोर उभा राहणाऱ्या या माणसाला आरशात चोर काही दिसला नाही.

"फितूर आपल्यातच आहे," तो म्हणाला. "आत्या ग्रूपवर फारशी बोलत नाही, नुसती ऐकते. तीच."

संघात एक दाताचे डॉक्टर आहेत, त्यांनी लगेच अंगठा दाखवला. पूर्वी अक्षर न येणारी माणसं लाजत अंगठा लावायची. हे शिकलेले लोक न वाचता लावतात.

कप्तानाने एका बोटाने आत्याला काढून टाकलं. तिची किल्ली रद्द झाली. यापुढचं एक अक्षर तिच्यापर्यंत जाणार नाही, हा माझा नियम.

तिसऱ्या सामन्याच्या सकाळी नवा डाव दुकानात मोठ्याने वाजला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने दाढी झाल्यावर गाल पुसले आणि दारातून मागे वळून तो म्हणाला, "कप्तान, हात झकास आहे तुमचा. संध्याकाळी विहिरीपाशी भेटूच."

समोरच्या संघाचा म्होरक्या! खेळात एकमेकांची टोपणनावं तेवढी ठाऊक; चेहरा कुणी पाहिलाय? कप्तानाच्या हातातला वस्तरा तसाच राहिला.

मग त्याने हात पुसले आणि पहिल्यांदाच स्वतः लिहिलं, "आत्या, चुकलो गं. माझ्याच दुकानातून फुटलं. ये परत."

आणि पाठवलं कुठे? माझ्यात! जिथून तिला हाकललं होतं, तिथेच. डॉक्टरांनी अंगठा दाखवला. संध्याकाळी चौघेच खेळले, आणि हरले.

दुसऱ्या दिवशी कप्तान म्हणतो, "बघा आत्याचा तोरा! एवढी माफी मागितली, साधं उत्तर नाही."

"माणसं अशीच असतात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आयुष्यात तेवढंच वाक्य लिहिलं.

मित्रांनो, मला हात असता तर या मूर्खाच्या कानाखाली वाजवली असती. कुलूप निरोप राखतं, नातं राखत नाही. ते तुमचं तुम्ही राखा. ज्याचं मन दुखवलं, त्याच्या दारात जाऊन तोंडाने बोला.

रोज साडेतीनला आत्याची बस त्याच्या दुकानासमोर सिग्नलला थांबते. ती समोर बघत असते. खुर्चीपासून बसचं दार वीस पावलांवर. आणि हा माझ्याकडे बघत बसतो, उत्तर येईल म्हणून.